मदत हवी आहे: टू-स्ट्रोक डिझेल इंजिन मधूनच उलटं फिरतं
घरीच जुळवलेल्या ट्रॅक्टरला जुनं एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन बसवलंय. व्हॉल्व्ह नाहीत, नुसते पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं), त्यामुळे ते दोन्ही दिशांना तितक्याच खुशीत चालतं. ओढायला दमदार आहे. पण गार असताना फ्लायव्हीलला झटका कमी पडला की उलटं सुरू होतं. काल पहिला गिअर टाकला आणि ट्रॅक्टर मागे आला! मागे मुलगा उभा होता, थोडक्यात वाचला. माझ्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून हात लावलेला नाही.

इंजेक्शनचं टायमिंग (सिलिंडरमध्ये डिझेल फवारण्याची वेळ) फार आधी झालं असेल का? एक्झॉस्ट पोर्ट काजळीने निम्मा बुजलाय, त्याचाही संबंध असेल? आणि उलटं फिरताना ऑइल पंप बेअरिंगला तेल पोचवतो का? कुणी हे दुरुस्त केलं असेल तर कृपया सांगा.