रि: थेरपिस्टची यादी उघडत नाहीये

रश्मी:
नमस्कार मंडळी, त्या कौटुंबिक समुपदेशनाच्या वेबिनारनंतर ऑनलाइन थेरपिस्टची जी गूगल शीट फिरली होती ती आता उघडत नाहीये, क्लिक केलं की "ॲक्सेस मागा" असं येतं. आधी तर सरळ उघडायची. एका मैत्रिणीला हवीये, नवराबायको दोघांसाठी, मराठी समजणारं कुणी असेल तर फार बरं, आणि जरा घाई आहे. कुणाकडे कॉपी असेल तर मला वेगळी पाठवा, लिस्टवर नको.

मिलिंद:
रश्मी, शीट मीच बंद केलीये, का ते सगळ्यांना माहितीये (व्हॉट्सॲपवरचा तो घोळ परत उगाळत नाही). बटण दाबायचं, मला मेल येतो, मी लगेच ॲक्सेस देतो. यात अडचण काय आहे? आणि जुन्या कॉप्या फिरवू नका प्लीज, त्यातले काही नंबर बदललेत, एका बाईंनी तर नवीन लोक घेणंच बंद केलंय.

अश्विनी:
मिलिंददादा, अडचण हीच की तुला मेल येतो. म्हणजे ज्याच्या घरी काहीतरी बिनसलंय त्याने आधी तुला नावानिशी वर्दी द्यायची आणि मग मदत शोधायची. वर नावाने ॲक्सेस दिला की त्याच वेळी शीट उघडून बसलेल्या दुसऱ्याला कोपऱ्यात फोटोसकट दिसतं कोण आलंय ते. लिंक खुली असली की निदान नावाऐवजी "अनामिक अमुक प्राणी" एवढंच दिसतं. रश्मीची मैत्रीण ते बटण दाबेल असं मला वाटत नाही, मी तरी दाबलं नसतं.

मिलिंद:
दोन टर्म खजिनदार होतो, कुणाची वर्गणी थकलीये हे आजवर बायकोलाही सांगितलं नाही. आता यादीच्या मेलवरून मी गावभर करीन असं वाटत असेल तर दुसऱ्या कुणीतरी यादी सांभाळावी. लिंक खुली ठेवली की ती बाहेर जाते, मग थेरपिस्ट मला फोन करून विचारतात की आमचा नंबर कुठे कुठे दिलाय. तो फोन मला घ्यावा लागतो, अश्विनीला नाही.

श्रीकांतकाका:
अरे केवढा हा गोंधळ. पूर्वी घरातली मोठी माणसं मध्ये पडायची आणि मिटायचं. अर्थात मोठी माणसंच भांडत असतील तर कोण मध्ये पडणार हा प्रश्न आहेच, आमच्याकडे तसंच झालं. आईला कोणी सांभाळायचं यावरून आम्ही भावंडं बोलेनासे झालो होतो, तिघं तीन टाइमझोनमध्ये, धाकटीने परस्पर फॅमिली थेरपीचं ऑनलाइन सेशन ठरवलं. मी हो म्हणालो पण कॅमेरा छताकडे करून बसलो. त्या बाईंनी एक नियम घातला, एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी आपण काय ऐकलं ते त्यालाच सांगायचं, आणि पहिला "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत उत्तर नाही. सुरुवातीला पोरखेळ वाटला. थोरल्याचं वाक्य मी दर वेळी चुकीचंच सांगत होतो!! तो पैशाबद्दल बोलतोय असं मी धरून चाललो होतो, तो म्हणत होता मला कुणी विचारत नाही. माझ्या वाट्याला पहाटेची वेळ यायची हे मात्र मला पटलं नाही, वेळ आळीपाळीने बदलायला हवी होती. समोरासमोर खोलीत बसलो असतो तर मी उठून गेलो असतो हेही खरं.

अश्विनी:
काका, कॅमेरा छताकडे 😄 पण उठून तर घरूनही जाता येतं, लॅपटॉप मिटला की झालं.

नेहा:
मी याच क्षेत्रात काम करते म्हणून लिहितेय, यादीत माझं नाव नाही आणि घालूही नका, ओळखीतले लोक आम्ही घेत नाही.

ॲक्सेसच्या वादात यादीत काय असायला हवं ते राहून जातंय. पहिली गोष्ट लायसन्स. बऱ्याच ठिकाणी नियम असा आहे की सेशनच्या वेळी क्लायंट जिथे बसलाय तिथलं लायसन्स थेरपिस्टकडे हवं. तो स्वतः कुठे बसलाय ते पुरत नाही. त्यामुळे मायदेशातली मराठी थेरपिस्ट कितीही चांगली असली तरी ती तुम्हाला घेऊ शकते का हे आधी तिलाच विचारा. काही देशांत काउन्सेलर म्हणून पाटी कुणीही लावू शकतो, तेव्हा नोंदणी कुठली तेही विचारा. सेशनच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात, पत्ता सांगा" असं विचारलं तर दचकू नका, काही आणीबाणी झाली तर मदत कुठे पाठवायची म्हणून ते असतं.

दुसरं, जोडप्यासोबत काम करणं हे वेगळं शिक्षण आहे. एकेकट्याची थेरपी उत्तम करणारा माणूस दोघं भांडायला लागली की नुसता बघत बसू शकतो. आणि मिलिंद, शीटमध्ये ईएफटीच्या खाली टॅपिंगवाल्या (अंगावर बोटांनी टकटक करायला लावणाऱ्या, त्यालाही ईएफटीच म्हणतात) बाई आल्यात, त्या काढ. जोडप्यांसाठीची ईएफटी म्हणजे इमोशनली फोकस्ड थेरपी, भावनांवर भर देणारी, सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात उभी केलेली, टॅपिंगचा तिच्याशी संबंध नाही.

तिसरं, पहिल्याच कॉलवर विचारा की एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्यापासून लपवून ठेवता का. बरेच जण "गुपित ठेवणार नाही" असं आधीच लिहून देतात. हे माहीत नसताना एखादा अफेअरबद्दल बोलून जातो आणि मग सगळंच अडतं.

आणि घरात मारहाण, धमकी, फोन तपासणं असं काही असेल तर जोडप्याची थेरपी हा पहिला रस्ता नाही. दोघांसमोर खरं बोललं की त्याची किंमत नंतर घरी मोजावी लागते, आणि ऑनलाइनमध्ये तर "नंतर" म्हणजे लॅपटॉप मिटल्या क्षणी. शेजारच्या खोलीत कोण ऐकतंय हे थेरपिस्टला दिसत नाही. अशा वेळी आधी एकटीने, घराबाहेरून बोला.

रोहित:
हेडफोन लावून गाडीत बसा, आम्ही तेच करायचो. मुलं झोपल्यावर घरी करू म्हटलं तर मुलं झोपतच नाहीत. आणि दोघांनी एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसण्यापेक्षा दोन खोल्या, दोन स्क्रीन बरं पडलं, नाहीतर कोपर मारणं चालू राहतं.

नेहा:
रोहित, दोन स्क्रीन काही जोडप्यांना जमतं, काही थेरपिस्टना मात्र दोघं एकत्रच हवी असतात कारण एक बोलताना दुसरा कसा आखडतो ते बघायचं असतं. विचारून घ्या.

मिलिंद:
इतके कॉलम वाढवले तर फोनवर शीट वाचता येणार नाही. त्यापेक्षा लोकांनी सरळ ॲप घ्यावं ना, तिथे सगळं तपासलेलं असतं आणि नावही कुणाला कळत नाही.

अश्विनी:
नाव कळत नाही? २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या ॲपला ७८ लाख डॉलर भरायला लावले. ग्राहकांचे ईमेल आणि सुरुवातीच्या प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे गेली असा आरोप होता, कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली. त्यापेक्षा तू परवडलास दादा.

प्राजक्ता (सचिव):
हे थांबवूया का? शीट मिलिंदकडेच राहील, बदल तोच करेल. त्यातून पीडीएफ काढून साइटवर ठेवू, लॉगिन नाही, कोणी उघडली ते आम्हालाही कळणार नाही. थेरपिस्टचे खाजगी मोबाइल नंबर काढून फक्त त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटच्या लिंक द्यायच्या, म्हणजे मिलिंदला फोन येणार नाहीत. कॉलम नेहा सांगेल ते, पण चारच.

रश्मी:
धन्यवाद. नेहाताई, एक विचारायचं होतं, नवरा तयार नसेल तर एकटीने जाऊन काही उपयोग असतो का? की तो तयार होईपर्यंत थांबायचं?

नेहा:
थांबू नको. एकटीने गेलीस तरी भांडणातली तुझी बाजू तर बदलते, आणि एक बदलला की दुसऱ्याला जुनं भांडण जुन्या चालीवर ओढता येत नाही. फक्त तो पुढे तयार झाला तर जोडप्यासाठी दुसरा थेरपिस्ट घ्या, नाहीतर त्याला वाटत राहतं की ही बाई आधीच हिच्या बाजूची आहे. मला वेगळा मेल कर, इथे नको.

मिलिंद:
पीडीएफ टाकलीये, वर तारीख आहे, जुन्या कॉप्या डिलीट करा. टॅपिंगवाल्या बाई काढल्या. लायसन्सबद्दल ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांच्यासमोरची जागा रिकामी आहे, ती अंदाजाने कुणी भरू नये, मला कळवावं, मी भरेन.