मदत हवी आहे: नाळेच्या रक्ताचा नमुना यंत्रापर्यंत वेळेत पोहोचत नसेल तर काय करावे?

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे सहा खाटांचे प्रसूतिगृह आहे. रक्तातील वायू तपासणारे यंत्र आम्हाला सर्वांत जवळचे म्हणजे चिपळूणला, सुमारे ४५ किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला सव्वा तास तरी लागतोच.

गेल्या आषाढात एका पहिलटकरणीच्या बाळाचे ठोके शेवटच्या टप्प्यात घसरले, म्हणून व्हॅक्यूम लावून बाळ काढले. ते लगेच रडले नाही. अपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिले जाणारे दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला ३ आणि पाचव्या मिनिटाला ६ होता. बाळाला पुढे पाठवले आणि आता ते उत्तम आहे, पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "नाळेचा पीएच किती होता?" पीएच म्हणजे रक्त किती आम्लधर्मी झाले आहे ते सांगणारा आकडा; प्राणवायू कमी पडला की तो घसरतो. माझ्याकडे उत्तर नव्हते. अपगारवरून बाळ त्या क्षणी कसे आहे ते कळते. कळांच्या काळात त्याला प्राणवायू कितपत कमी पडला, हे त्यावरून ठरवता येत नाही, हे मलाही मान्य आहे.

नाळेचा १० ते २० सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही टोकांना क्लॅम्प लावून लगेच वेगळा करावा, हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) लावलेल्या सिरिंजमध्ये धमनीचे आणि नीलेचे रक्त स्वतंत्र घ्यावे आणि ते तासाभरात तपासावे, एवढे मला ठाऊक आहे. अडचण त्या तासाचीच आहे. नमुना बर्फावर ठेवून पाठवला तर चालेल का? विलंबाने, म्हणजे जन्मानंतर मिनिटभर थांबून, नाळ बांधण्याचा आमचा नियम यासाठी मोडावा लागेल का? की उशिरा पोहोचणाऱ्या नमुन्याचा आकडा मुळी नसलेलाच बरा?

प्रतिसाद

डॉक्टर, मी सिंधुदुर्गात नवजात अतिदक्षता विभागात काम करतो, त्यामुळे असे फोन करणाऱ्यांपैकीच एक आहे.

तासाभराची मर्यादा पीएचसाठी आहे. लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) त्याच्या कितीतरी आधी, साधारण वीस मिनिटांनंतरच, वाढू लागते. शिवाय ही मर्यादा खोलीच्या सर्वसाधारण तापमानाची आहे, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या बंद रुग्णवाहिकेची नव्हे. प्लास्टिकच्या सिरिंजला बर्फात ठेवून फायदा होत नाही. सव्वा तासाने आलेला नमुना मी सहसा फेकत नाही, पण त्यावर नाळ बांधल्याची आणि रक्त काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर तो माझ्या उपयोगाचा नाही. उशिरा तपासलेला पीएच प्रत्यक्षाहून कमी दिसतो, म्हणून तो चांगला आला तर विश्वास ठेवता येतो; वाईट आला तर ठेवता येत नाही.

धमनीचा आणि नीलेचा असे दोन्ही नमुने घ्यायलाच हवेत. धमन्या बारीक असल्याने सुई नकळत नीलेत जाते आणि नीलेतले रक्त वारेकडून येत असल्याने आकडा फसवा चांगला दिसतो. दोन पीएचमधला फरक ०.०२ पेक्षा कमी असेल, तर दोन्ही नमुने एकाच वाहिनीतले असण्याची शक्यता जास्त. धमनीचा पीएच ७.० पेक्षा कमी आणि बेस डेफिसिट (रक्तातले आम्ल निवारणाऱ्या घटकांची तूट) १२ किंवा अधिक असेल, तर आम्ही ते गंभीर मानतो. केवळ कार्बन डायऑक्साइड साचून पीएच घसरला असेल, तर बाळ बहुधा लवकर सावरते.

विलंबाने नाळ बांधण्याचा नियम मोडू नका. मिनिटभराने आकड्यांत पडणारा फरक किरकोळ असतो. ज्या बाळाला श्वास द्यावा लागतो, त्याची नाळ तुम्ही तशीही लगेच कापता, आणि तपासणी मुख्यतः अशाच बाळांची हवी. नमुन्यासाठी बॅग-मास्कला एक क्षणही उशीर होता कामा नये. तुकडा ट्रेमध्ये पडून राहील, बाळ थांबू शकत नाही.

कूलिंगचा, म्हणजे प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर थंड ठेवून मेंदू जपण्याच्या उपचाराचा, विचार जन्मानंतर सहा तासांच्या आत करावा लागतो, हे खरे. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत कूलिंगने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढले. त्यामुळे आकड्याच्या प्रतीक्षेत बाळ थांबवून ठेवू नका. झटके, सुस्ती, स्नायूंचा ताण यांची वेळेनुसार नोंद मला पीएचइतकीच मोलाची वाटते.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे. वेळ लिहिण्याचे मला सुचलेच नव्हते. उद्यापासून लेबर रूमच्या ट्रेमध्ये दोन सिरिंज, 'धमनी' आणि 'नीला' अशा चिठ्ठ्या आणि एक पेन ठेवते. रक्तातील वायू तपासणारे, हातात धरायचे आणि काडतुसांवर चालणारे छोटे यंत्र घेण्याचा विचार आहे, पण काडतुसे फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि आमच्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस नसते. कोकणात कोणी ते वापरत असल्यास, वर्षाकाठी किती काडतुसे मुदत संपून वाया जातात, ते कृपया सांगावे.