गरोदरपणात बीपी वाढलं होतं? तुमचे आणि बाळाचे अनुभव लिहा

जास्वंद :
डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या आठ दिवसांत मनगटात रुतायला लागल्या. आई म्हणाली, माझंही असंच झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, पायावर सूज म्हणजे मुलगा. (मुलगाच झाला, त्यामुळे त्यांचं शास्त्र आता खोडता येत नाही.) बत्तिसाव्या आठवड्यात तपासणीला गेले तर बीपी १५६/१०४ आणि लघवीतून प्रथिनं जातायत. घरी जाऊन पिशवी भरून आणते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "पिशवी नवरा आणेल. तुम्ही झोपा."

सलाईन लावायला बांगड्या निघेनात. सिस्टरने साबण लावून पाहिला, मग रुमाल गुंडाळून एकेक वाढवली. 'फोडली' म्हणायचं नाही, हे तिनेच मला बजावलं.

बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं, चोवीस तासांच्या अंतराने. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चकचकीत रेघा. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू केलं. अंगात कुणी कढत पाणी ओततंय असं वाटतं, हे आधी सांगा हो कुणीतरी! त्याच रात्री सीझर. बाळ १२८० ग्रॅम. वारेतून रक्त कमी पोचत होतं, म्हणून बत्तीस आठवड्यांच्या मानानेही बारकं. पाऊल माझ्या करंगळीएवढं. सव्वीस दिवस काचेत, सुरुवातीला नळीने दोन-दोन मिलि दूध.

तेव्हा मी रात्र रात्र असं काही वाचायला शोधत होते. तुम्हीही लिहा, आकड्यांसकट.

कांदेपोहे :
माझं बीपी फार नव्हतंच, १३८/८८. पस्तिसाव्या आठवड्यात उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. घरात एकमत : पित्त. थंड दूध झालं, पित्ताची गोळी झाली, दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर प्लेटलेट बासष्ट हजार, लिव्हरचे आकडे चढलेले. गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचाच हा गंभीर प्रकार, याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. नाव ऐकून नवरा बिचारा म्हणाला, "मग करा ना हेल्प." प्लेटलेट कमी म्हणून पाठीतून भूल देता आली नाही, पूर्ण भूल दिली. मुलगी २१०० ग्रॅम. दोन दिवस तिची साखर खाली जात होती, तेवढंच.

एक बाप :
बायको आयसीयूत, बाळ वरच्या मजल्यावर, मी जिन्यात. बायकोला दूध येईपर्यंत बाळाला दूधपेढीतलं दूध दिलं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली होती, हे तिथल्या सिस्टरकडून कळलं. रक्तपेढी माहीत होती, दूधपेढी नाही.

मग एक दिवस सिस्टर म्हणाली, शर्ट काढा. कांगारू केअर आईनेच करायचं असा माझा समज. खुर्चीत रेलून बसवलं, टोपी आणि डायपर घातलेलं दीड किलोचं पोर छातीवर ठेवलं, वरून चादर बांधली. तासभर हललो नाही, नाक खाजवलं नाही. मॉनिटरवर त्याचा श्वास एकसारखा झालेला दिसत होता. आमची आई दारातून म्हणाली, "बाप्यामाणसाच्या अंगाला काय ऊब असणार?" तिला मॉनिटर दाखवला.

सातारकर :
ही माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट. नऊ महिने बीपी नॉर्मल, बाळंतपण सुखरूप, तिसऱ्या दिवशी घरी. पाचवीच्या पूजेची तयारी चाललेली आणि हिचं डोकं दुखतंय. बाळंतिणीला वारं लागलं म्हणून कान बांधले, शेगडी पुढे सरकवली. दुपारी बाळाला पाजताना म्हणाली, "दादा, मला दोन-दोन पोरं दिसतायत." मी हसलो. ते हसू अजून टोचतं मला. पाच मिनिटांत आकडी आली. वहिनीने बाळ अक्षरशः झेललं. काकू चप्पल हुंगवायला धावली. १०८ आली, त्यांनी मोजलं तर १८०/११६. बाळंत झाल्यावरही झटके येऊ शकतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बहीण आणि भाचा दोघंही ठणठणीत आहेत. पाचवी राहिली ती राहिलीच.

साखरझोप :
थोडं उलट लिहिते. दवाखान्यात १४४/९०, घरी मोजलं की ११८/७४. आठवडाभर वहीत लिहून दाखवलं, गोळी लागली नाही. बाळ ३१०० ग्रॅम. सगळ्यांचंच काचेपर्यंत जात नाही, हेही इथे असू द्या.

उपकेंद्रवाली ताई :
मी नर्स आहे. चालत, जिने चढून आलेल्या बाईचं लगेच मोजू नये. लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावं, हात छातीच्या पातळीवर, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नको. १४०/९० आलं तर "घाईत आलीस म्हणून" असं म्हणून सोडून न देता पुन्हा मोजायचं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तेव्हा डॉक्टर भेटतात. आणि मीठ एकदम बंद करून हे टळत नाही. अळणी जेवून बाई कंटाळते फक्त.

परदेशी माहेरवाशीण :
न्यू जर्सीहून. पहिल्या खेपेला तेहतिसाव्यात सीझर. दुसऱ्या खेपेला बाराव्या आठवड्यापासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, डॉक्टरांनी सांगून, मनाने नाही. बीपी सदतिसाव्यात वाढलंच, पण चार आठवडे जास्त मिळाले. लेक जन्मली आणि खोली दणाणून रडली. पहिल्याचं रडणं मी ऐकलंच नव्हतं.

जास्वंद :
सातारकर, दोनदा वाचलं. बाळाच्या डोळ्यांबद्दल लिहायचं राहिलं : इतक्या लहान बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या चार आठवड्यांत तपासतात. आमची ती तपासणी चुकायचीच होती, डिस्चार्जच्या घाईत.

मोगरा२९ :
इथे पहिल्यांदाच लिहितेय. एकोणतिसावा आठवडा, आज केमिस्टकडे १४२/९२. चेहरा सुजलाय, सकाळपासून डोकं जड आहे. पुढची तारीख दोन आठवड्यांनी आहे. थांबू ना?

जास्वंद :
नको गं. तारखेची वाट पाहू नकोस, आत्ता निघ. कुणाला तरी बरोबर घे, फाईल घे. आणि हातात बांगड्या असतील तर आधी काढून ठेव.