मदत हवी आहे : उखळाशिवाय बाजरीची कोंगू आंबील
सध्या तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या आईविषयीच्या आठवणी वाचतेय. तिरुचेंगोडकडचं कोरडवाहू रान आणि त्यात राबणारी ती बाई. त्यांचं काही मराठीत आलंय का? माझ्या आईला इंग्रजी जमत नाही.

दुसरं, त्या भागातली, म्हणजे पश्चिम तमिळनाडूतल्या कोंगू पट्ट्यातली बाजरीची आंबील करायची आहे. बाजरी ओलवून कांडायची, कोंडा पाखडायचा, कण्या शिजवून गोळे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी ताकात कालवून कच्च्या कांद्याबरोबर प्यायचं, इतकं ठाऊक आहे. पण उखळ नाही, मिक्सरमध्ये थेट पीठच होतं! ओलवल्यावर किती सुकवू? मातीचं भांडं हवंच का? सेलम-कोइमतूरकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यातली आपली विट्याकडची मंडळी असतील, तर शेजारणींना विचारून सांगा ना.