मदत हवी आहे : 'पुट ऑफ' नेमकं कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागात दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. सध्या गाडी 'पुट ऑफ'वर अडली आहे.

पुढे ढकलणे हा अर्थ मुलांना पटकन कळतो. जामठ्याच्या (आमच्या नागपूरच्या) स्टेडियमवरची मॅच पावसाने दुसऱ्या दिवसावर गेली तर 'पुट ऑफ', रद्दच झाली तर 'कॉल ऑफ'. क्रिकेट आलं की व्याकरण आपोआप शिरतं डोक्यात! 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक, हेही झालं. पुढे क्रियापद आलं तर 'पुट ऑफ गोइंग', 'टू गो' नाही, इथे मात्र निम्मा वर्ग अजून घसरतो.

खरी पंचाईत पुढे आहे. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासानेच मन उडालं, खायची इच्छा गेली. पण 'ही पुट मी ऑफ' एवढंच वाक्य आलं तर? त्याने मला टोलवलं, 'नंतर या' म्हटलं, की त्याच्या वागण्याने माझं मन उतरलं? मला दोन्ही अर्थ लागतात. पेपरात असं सुटं वाक्य आलं तर मुलांनी काय धरावं? की आजूबाजूचं वाक्य असल्याशिवाय अर्थ लावूच नये?

आणखी एक. आपल्याकडे सर्रास 'पुट ऑफ द लाइट' म्हणतात. मी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' लिहायला सांगते, पण एका मुलाच्या आजोबांचं म्हणणं, जुन्या इंग्रजीत हे चालायचं. मग मार्क कापावेत का?

शिकवणाऱ्या ताई-दादांनी जरा उदाहरणं देऊन सांगा ना. शनिवारी चाचणी ठेवली आहे, आणि ती काही मला पुट ऑफ करायची नाही.