जर्मन स्टेडियममधला थरार : तुमचे अनुभव

रविवारी रात्री सव्वाआठला घरमालकीणबाईंना फोन करायचा नाही, हे जर्मनीत आल्या आल्या शिकलो. ती 'टाटोर्ट'ची वेळ. १९७० पासून चालू असलेली क्राईम मालिका, प्रत्येक भाग म्हणजे दीड तासाचा सिनेमाच. परवा टीव्हीवर फुटबॉल स्टेडियममधला असाच एक थ्रिलर बघत होतो, बॉम्ब, गच्च भरलेलं स्टेडियम, घामाघूम पोलीस, सगळा मसाला. मी म्हटलं असं कुठे असतं का, तर रूममेट एवढंच म्हणाला, "डॉर्टमुंड." तुमचे अनुभव लिहा, साधे किस्सेही चालतील.

रूरकर
मी होतो तेव्हा तिथे. ११ एप्रिल २०१७, डॉर्टमुंडची मोनॅकोबरोबर चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. आम्ही स्टेडियममध्ये बसून टीम वॉर्म-अपला का येत नाही म्हणून वैतागलोय आणि तिकडे हॉटेलातून निघालेल्या आमच्या टीमच्या बसशेजारी झुडपात लपवलेले तीन बॉम्ब फुटलेले. आमचा खेळाडू बार्त्रा, त्याच्या हाताला लागलं. मॅच दुसऱ्या दिवशी ठेवली, मग मोनॅकोहून आलेले प्रेक्षक झोपणार कुठे म्हणून डॉर्टमुंडकरांनी ट्विटरवरून घरं उघडली. आमच्याकडे दोघं आले, गाद्या टाकून दिल्या. सकाळी पोहे केले तर एकाने एकेक मोहरी काट्याने वेचून बशीच्या कडेला लावली, अजून डोळ्यासमोर आहे. मॅच आम्ही २-३ हरलो.

पुटवाला
खरा ट्विस्ट राहिलाच की! तिथे दहशतवाद्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या सापडल्या त्या बनावट. डॉर्टमुंडचा क्लब शेअर बाजारात आहे ना, बॉम्ब ठेवणाऱ्या पठ्ठ्याने शेअरचा भाव पडेल यावर पैसे लावलेले, आणि त्याच हॉटेलात खोली घेऊन राहिलेला. २०१८ मध्ये १४ वर्षं शिक्षा झाली. मीही असल्या भाव पडण्यावरच्या सौद्यात, म्हणजे पुट ऑप्शनमध्ये, हात पोळलेत, भाव पडू दे म्हणून नारळ बोललोय, त्यापुढे डोकं गेलं नाही कधी.

हानोव्हरची सून
१७ नोव्हेंबर २०१५, जर्मनी-हॉलंड मॅच, पॅरिसच्या हल्ल्यांना चारच दिवस झालेले. मी सहा महिन्यांची गरोदर, आई फोनवर "नको जाऊ गं". गेटजवळ पोचतोय तोच कळलं मॅच रद्द, घरी जा. सिनेमातल्यासारखं किंचाळत पळणारं कुणी दिसलं नाही, लोक मुकाट ट्रामकडे वळले, नुसते बुटांचे आवाज. नंतर मॅच का रद्द केली असं विचारल्यावर गृहमंत्री म्हणाले की उत्तराचा काही भाग ऐकून लोक अस्वस्थ होतील. झालं, आईचे रात्रभर फोन. स्फोटकं काही सापडली नाहीत म्हणे, पण ती अजून ऐकवते.

पिवळी भिंत
एवढं भारी काही नाही आपलं. डॉर्टमुंडच्या स्टेडियमची दक्षिण बाजू, जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी, गोल झाला आणि मागून कुणाचीतरी भरलेली बिअर थेट माझ्या मानेवरून आत. कप उचलून त्याचं डिपॉझिट मात्र घेतलं परत. शनिवारचा उपास होता हो.