सरांचा इगो सांभाळायचा की स्वतःचं कोपर?

कोपरग्रस्त

थोडं मोठं होणारे, आधीच सॉरी.

मी चौतीस वर्षांचा, तीन वर्षं झाली मार्शल आर्ट्सच्या क्लासला जातोय, कराटे आणि थोडं जुजुत्सू असं मिक्स शिकवतात. टेक्निकच्या बाबतीत सर चांगले आहेत, आहेत म्हणू की होते म्हणू तेच कळत नाहीये म्हणून विचारतोय.

झालं असं की गेल्या महिन्यात सर आर्मबार दाखवत होते, म्हणजे समोरच्याचा हात दोन पायांमध्ये धरून कोपर उलटं ताणायचं तो प्रकार. मी सहज विचारलं की सर, खालच्याने हात पिळून अंगठा जमिनीकडे नेला आणि कोपर निसटवलं तर काय करायचं? खरंच प्रामाणिक प्रश्न होता, व्हिडिओत बघितलं होतं कुठेतरी. सर हसले, म्हणाले ये, निसटून दाखव. मी आडवा झालो. त्यांनी हात धरला तो डेमोसारखा नाहीच, पहिल्यापासून फुल जोर. मी टॅप केलं, म्हणजे सोडा म्हणून हाताने थाप मारली. परत केलं. तिसऱ्यांदा त्यांच्या मांडीवर थाड थाड मारलं आणि तोंडानेही टॅप टॅप म्हणालो. ते माझ्याकडे बघतच नव्हते, मान वर करून बाकीच्यांशी बोलत होते, "बघा, व्हिडिओ बघून क्लासला आलं की असं होतं." मग कोपरातून बोटं मोडल्यासारखा बारीक टक् आवाज आला आणि तेव्हा सोडलं. वीसेक जण होते, कोणी ब्र काढला नाही. दोघंतिघं हसले पण.

पाच आठवडे झाले, भरलेली पाण्याची बाटली उजव्या हाताने तोंडापर्यंत नेता येत नाही. आणि त्याच रात्री ग्रुपवर सरांचा मेसेज, "काहींना शिकायचं असतं, काहींना शिकवायचं असतं. दुसऱ्या प्रकारच्यांनी स्वतःचा क्लास काढावा." नाव नाही घेतलं, पण गरजही नव्हती. खाली सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले. मीपण टाकला. हो, मीपण.

पुढच्या महिन्यात बेल्टची परीक्षा आहे. ती देऊन मग गुपचूप सुटू की आत्ताच? की मीच जरा नाजूक आहे? तुम्हाला कोणाला असे सर भेटलेत का?

दोन_टाके

भावा, आधी डॉक्टरकडे जा. पाच आठवडे बाटली उचलता येत नाही आणि तू बेल्टचं काय विचारतोयस.

टॅप म्हणजे सोड, त्यात दुसरा अर्थच नाही. आर्मबारमध्ये तर दुखायला लागतं आणि सांधा जातो यात फार कमी अंतर असतं, म्हणून तर धरणारा हळूहळू ताणतो आणि नजर खालच्यावर ठेवतो. उद्या ह्याच माणसाने गळा धरला आणि असंच वर बघून भाषण ठोकत बसला तर? मानेच्या शिरा नीट दाबल्या गेल्या की दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो, टॅप करायला हातही उठत नाही. निघ तिथून.

माजी_ब्राऊनबेल्ट

कोपरग्रस्त, तुझा तो नमस्काराचा हात वाचून मला माझीच आठवण आली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आठ वर्षं एका सरांकडे होते. आठ वर्षांत त्यांना एकदाही स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना बघितलं नाही. कधी गुडघा, कधी पाठ, आणि शेवटी ठेवणीतलं कारण, "माझी टेक्निक्स जीवघेणी आहेत, तुमच्यावर वापरू शकत नाही." आम्हाला ते पटायचं! १९९३ ला पहिली यूएफसी झाली, म्हणजे वेगवेगळ्या मार्शल आर्ट्सवाल्यांना एकमेकांशी लढवणारी स्पर्धा, त्यात अंगाने काही फार मोठा नसलेला जुजुत्सूवाला रॉयस ग्रेसी एका रात्रीत तिघांना सबमिशनने, म्हणजे हार मानायला लावून, हरवून जिंकला, तेव्हापासून जगभर लोक विचारायला लागले की तुमचं जीवघेणं ते मॅटवर येऊन दाखवा. आमच्या हॉलपर्यंत ते वारं पोचलंच नव्हतं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

डेमोला सर नेहमी मलाच घ्यायचे कारण मी छान पडायचे. म्हणजे त्यांनी मनगट पिळायला सुरुवात केली की मी पाय उचलून स्वतःच हवेत जायचे, मॅटवर हाताने मस्त फट्ट आवाज काढायचे, नवीन मुलं आ वासून बघायची. पहिल्या वर्षी मी दुखायचं म्हणून पडायचे. नंतर नंतर दुखायच्या आधीच पडायला लागले. शेवटी शेवटी तर सरांनी खांदा वळवला की माझे पाय सुटायचे, मनगटाला हात लागलाय की नाही ते मला कळायचंही नाही. आणि मी मनापासून मानायचे की हे सरांचं टेक्निक आहे.

मग एक नवीन मुलगा आला, आधी कुस्ती केलेला. त्याला काही माहीत नाही बिचाऱ्याला. सरांनी मनगट पिळलं, तो नुसता उभा. सरांनी परत पिळलं. त्याने एक पाऊल मागे टाकून तोल सावरला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "आता मी काय करायचंय?" पूर्ण हॉलमध्ये सन्नाटा. सरांनी काय केलं असेल? त्याच्या कानाखाली मारली. उघड्या हाताने, आणि म्हणाले खऱ्या मारामारीत आधी हे येतं. तो मुलगा पट्टा सोडून तिथेच ठेवून गेला, एक शब्द बोलला नाही.

मी त्यानंतरही दीड वर्ष राहिले! ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सर एकटे सर झालेले नसतात, माझ्यासारख्या पडून पडून त्यांना तसं करतात.

परीक्षेचं म्हणशील तर नको देऊस. तो बेल्ट घरी कपाटात दिसेल तेव्हा कोपरच आठवेल.

जुनी_पठडी

एवढं काय त्यात. आमच्या वेळी सर काठीने पाय सरळ करायचे, स्टान्स चुकला की पोटरीवर वळ. कोणी डॉक्टरकडे गेलं नाही. आजकाल प्रश्न विचारायची हौस फार, उचलली जीभ लावली टाळ्याला. आधी पाच वर्षं सांगितलं ते करा, मग विचारा. मार्शल आर्ट आहे, भरतनाट्यम नाही.

कोपराचं झालं ते चूक, मान्य. पण एका चुकीवरून माणूस इगोवाला ठरवू नका, तुम्ही एकच बाजू ऐकताय.

दोन_टाके

भरतनाट्यमवाल्यांचे गुडघे आणि घोटे बघा एकदा, मग बोला.

उकेमी

जुनी_पठडी, तुमचा शिस्तीचा मुद्दा समजला, मी स्वतः ज्युदोवाला आहे आणि कडक सरांच्या हाताखालीच शिकलो. आमचे सर घाम काढायचे, चुकलं की शंभर वेळा तेच करायला लावायचे, शिव्या पण द्यायचे. पण रांदोरीत, म्हणजे ज्युदोच्या मोकळ्या सराव-लढतीत, कोणी टॅप केलं आणि समोरच्याने अर्धा सेकंद उशिरा सोडलं तर त्या समोरच्याला महिनाभर मॅटवर येऊ द्यायचे नाहीत, आणि त्यात सरांचा स्वतःचा मुलगापण सुटला नव्हता.

आणि हे काही आजकालच्या नाजूक मुलांचं खूळ नाहीये. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ ला कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, पुढे ज्युदोची जी दोन मुख्य तत्त्वं सांगितली त्यातलं एक म्हणजे 'जिता क्योएई', दोघांचंही भलं व्हावं. जोडीदार मोडला तर उद्या सराव कोणाबरोबर करणार, इतकं साधं आहे ते. चॅम्पियन लोकांनाही ह्यातून सूट नाही. १९८० च्या ऑल जपान स्पर्धेत एंदोने जपानचा चॅम्पियन यामाशितावर कानी बसामी मारला, म्हणजे पायांची कात्री करून पाडायचं, आणि यामाशिताच्या पायाचं हाड मोडलं. पुढे तो डावच स्पर्धांमधून बंद केला. यामाशिता नाजूक होता असं कोणी म्हणालं नाही.

तुमच्या "कोणी डॉक्टरकडे गेलं नाही" वर एकच सांगतो. जपानच्या शाळांमधल्या ज्युदोत १९८३ नंतरच्या साधारण तीस वर्षांत शंभरावर मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार लागून. हा आकडा बाहेर आल्यावर तिथेही आधी हेच ऐकू आलं, की आमच्या वेळी असंच होतं.

जुनी_पठडी

शंभरावर? हे माहीत नव्हतं. ठीक आहे. काठीचं माझं मत मात्र तेच आहे.

स्वतःच_सर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, शिव्या घालायच्या तर घाला.

अकरा वर्षं शिकवतोय. सुरुवातीला माझ्याही डोक्यात काही नव्हतं, पण तुम्ही विचार करा, आठवड्यातून पाच दिवस तीस माणसं तुम्हाला वाकून नमस्कार करतात, तुमच्या जोकवर हसतात, तुम्ही म्हणाल ते बरोबर. घरी बायको दोन मिनिटांत जमिनीवर आणते पण क्लासमध्ये आणणारं कोणी नसतं. पाचेक वर्षांत हवा गेली, मला कळलंही नाही कधी.

एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, लांब हातापायांचा. स्पारिंगमध्ये त्याने मला तोंडावर स्वच्छ राऊंडहाऊस, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, टच केला. टचच केला, जोर नाही, कंट्रोल अप्रतिम होता, खरं तर मी टाळी वाजवायला हवी होती कारण ती किक मीच त्याला शिकवली होती. बाकीचे "ओऽऽ" म्हणाले. आणि पुढच्या दहा सेकंदांत मी त्याला लिव्हरवर मारली, पूर्ण जोराने. लिव्हरला लागलं की लगेच नाही, क्षणभराने माणूस खाली बसतो, तसा तो बसला. मी त्याला म्हणालो, "गार्ड खाली होता." गार्ड खाली नव्हता. तो परत आला नाही. मी फोन करायला सहा महिने लावले, तोवर नंबर बदललेला होता.

मग मी एका ठिकाणी जुजुत्सू शिकायला जायला लागलो, पांढरा पट्टा बांधून. पहिल्याच दिवशी माझ्या निम्म्या वयाच्या मुलीने चार वेळा टॅप करायला लावलं आणि चारही वेळा टॅप होताक्षणी सोडलं. गाडीत बसून मी बराच वेळ किल्ली लावली नाही.

शोदान, म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट, त्यातल्या 'शो' चा अर्थच सुरुवात. हे मी पोरांना दर परीक्षेला सांगायचो, स्वतः ऐकत नव्हतो बहुतेक.

कोपरग्रस्त, तुला एवढंच सांगतो की तुझ्या सरांचे जुने विद्यार्थी कुठे आहेत ते बघ. दहा वर्षं जुना क्लास असेल आणि सात-आठ वर्षांचा एकही जण नसेल तर उत्तर मिळालं. दुसरीकडे शिकायला जातो म्हटल्यावर चेहरा कसा होतो तेही बघ. आणि तुझी माफी त्यांनी मागितली का? मला सहा महिने लागले, पाच आठवडे तसे काही नाहीत, पण त्यांनी तर त्याच रात्री ग्रुपवर मेसेज टाकला ना, तिथे मला सगळं कळलं.

माजी_ब्राऊनबेल्ट

स्वतःच_सर, त्या मुलाला अजून शोधा. मेसेज पाठवायचे रस्ते शंभर आहेत हल्ली.

स्वतःच_सर

हो. बघतो.

कोपरग्रस्त

अपडेट. डॉक्टरांकडे जाऊन आलो. लिगामेंट फाटलंय पण अर्धवट, ऑपरेशन नको, पट्टा लावलाय (हा कुठलीही परीक्षा न देता मिळाला) आणि फिजिओ चालू. त्यांनी विचारलं कसं झालं तर मी "पडलो" म्हणालो. बाहेर आल्यावर जिन्यात थांबलो, परत आत गेलो आणि खरं काय ते सांगितलं. का ते माहीत नाही, बरं वाटलं.

सरांना फोन नाही केला, मेसेजच लिहिला, चार ओळी, शिवी नाही काही नाही, मी तीनदा टॅप केलं होतं आणि यापुढे येणार नाही एवढंच. ग्रुपवर नाही, त्यांनाच. दोन निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. अर्ध्या तासाने मला ग्रुपमधून काढलं.

एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी जे हसले होते त्यातल्या एकाचा रात्री मेसेज आला, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आहे. "दादा सॉरी, भीतीने हसलो. माझा खांदापण तसाच झालाय दिवाळीपासून, घरी सांगितलं नाहीये." ह्याला काय उत्तर देऊ? घरच्यांना सांग एवढं तर म्हणालो, पण तो म्हणतो बाबाच सरांचे फॅन आहेत.

उकेमी

बाबांना तू फोन कर. तुझा डॉक्टरचा कागद पाठव, सरांबद्दल एक शब्द बोलू नकोस, फक्त म्हण की खांदा दाखवून घ्या. आजच कर.

कोपरग्रस्त

नंबर मिळवलाय. लावतोय.